खुर्ची आमची, उशी आमची

आमचा धंदा पाट्या रंगवायचा. ब्रश यांचा आणि तोंड माझं. दुकानावरची पाटी, दवाखान्याची पाटी, 'येथे थुंकू नये'ची पाटी, गावातल्या निम्म्या भिंती यांच्या हाताखालून गेल्या. लोक यांना पेंटर म्हणतात. मला कोणी काही म्हणत नाही, नुसते घाबरतात.

भाव मी सांगायचे. आमची रीत सरळ. पत्रा आमचा असेल तर एक भाव. पत्रा तुम्ही आणलात तर तेवढे कमी. शिडी तुमची असेल तर आणखी थोडे कमी. एकदा एक न्हावी आला, पत्रा त्याचा, शिडी त्याची, रंगाचे डबेसुद्धा त्याचे. म्हणाला, "आता किती?" मी म्हटलं, "आता तूच चढ अन् तूच रंगव. आम्ही खाली उभं राहून वा वा करू, तेवढ्याचे दे."

ही रीत ध्यानात ठेवा. पुढे जो तमाशा झाला तो हिच्यापायीच झाला.

यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. पिकले तरी कबूल करतील तर शपथ. बेकरीवाल्याच्या पाटीवर पांढरा रंग दिला, तो मला निळसर दिसला. मी तेव्हाच म्हटलं, "अहो, हा पांढरा जरा निळा मारतोय." तर म्हणाले, "तुझे डोळे तपासून घे." नवरा पेंटर, मी गप्प बसले. म्हणजे दोन दिवस.

शेवटी थोरल्या मुलाने धरून नेलं. डोळ्यांचे डॉक्टर आमच्या ओळखीचे. ऐन उमेदीत त्यांनी दवाखाना काढला तेव्हा त्याची पाटी यांनीच रंगवलेली. डॉक्टर म्हणाले, तातडीचं काही नाही, पण पेंटरला डोळे नकोत तर कोणाला हवेत? आधी एक करू, तो सावरला की दुसरा. पहिला डोळा झाला. सकाळी गेलो, जेवायला घरी. सांगितले तेवढेच पैसे घेतले, वर चहा पाजला.

पट्टी निघाली तसे हे गावभर फिरले. बेकरीसमोर जाऊन उभे राहिले.

"ही पाटी निळी कोणी केली?"

"तुम्हीच."

"आणि बेकरीवाला काही बोलला नाही?"

"त्याला वाटलं फॅशन आहे."

दिवसभर तोंड पाडून बसले. म्हणजे मोतीबिंदूने पिवळट झालेल्या डोळ्याला पांढरा पांढरा दिसावा म्हणून हा बाबा निळा मिसळत होता. संध्याकाळी मात्र गडी खुलला. माझ्यासमोर बसून कधी एक डोळा झाकतोय, कधी दुसरा.

"हा काय पोरखेळ?"

"गंमत बघतोय. एका डोळ्याने बघितलं तर समोर बायको बसली आहे. दुसऱ्याने बघितलं तर सासू."

"सासू कोणत्या डोळ्यात? नव्या की जुन्या?"

"ते विचारू नकोस," म्हणाले, आणि उशी फेकून मारायच्या आत उठून गेले.

आता आमची नात. थोरल्याची मुलगी. जन्मल्यापासून एका जागी बसली नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. सायकली दुरुस्त करते, आणि असं करते की चाकाला वाटावं आपण कधी वाकडे नव्हतोच. तिने कोपऱ्यावरचा गाळा घेतला. पहिल्याच दिवशी आजोबांना म्हणाली, "पाटी तुम्ही रंगवायची. प्लास्टिकची दिवेवाली मला नको." हे म्हणाले, "दुसरा डोळा होऊ दे, मग बघ." पाटीवर एक सायकलही काढायची ठरली, चाकातल्या तारांसकट. शिवाय हवा भरायच्या मशीनसाठी यांनी स्वतःच्या कमाईतले पैसे बाजूला ठेवले. आजोबांची भेट म्हणून. त्यांना हात लावायची मलाही बंदी.

दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला गेलो तर दवाखान्यावर यांची पाटी नव्हती. तिच्या जागी दिवेवाली पाटी, दिवसाढवळ्या जळत होती. वर कुठल्या तरी मोठ्या हॉस्पिटलचं नाव. आत मात्र सगळं तेच. तीच बाकं, तोच वजनाचा काटा, दारामागची तीच मरतुकडी कुंडी. काउंटरवरची पोरगी तेवढी नवी.

तिने खर्च सांगितला. डॉक्टरांची फी, भिंगाचे पैसे, आणि सुविधा शुल्क.

"हे शेवटचं काय ते पुन्हा सांग."

"सुविधा शुल्क, आजी."

आकडा ऐकला आणि मी काउंटरची कड धरली. डॉक्टरांच्या फीपेक्षा जास्त! नाकापेक्षा मोती जड ऐकलं होतं. मोतीबिंदूपेक्षा खोली जड हे पहिल्यांदाच.

"मागच्या वेळी हे नव्हतं."

"मागच्या वेळी हा दवाखाना होता."

"आणि आता?"

"आता हॉस्पिटलचा विभाग आहे."

"अगं, पण भिंती त्याच आहेत की. कुंडीसुद्धा तीच आहे."

"हो आजी. पण आता कुंडी हॉस्पिटलची आहे." पोरगी वाईट नव्हती, सांगताना तिलाच कसंतरी होत होतं. "ठरवून करायचं ऑपरेशन असलं की हे आधी भरावं लागतं."

"सुविधा म्हणजे नक्की काय काय?"

"म्हणजे खोली, खुर्ची, चादर, दिवे… असं सगळं."

मी अजून दोन प्रश्न विचारणार होते, पण हे उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल." बाहेर आल्यावर एवढंच बोलले, "एका डोळ्याने भागतं."

घरी आल्यावर थोरला म्हणाला, "बाबा, मी भरतो." हे म्हणाले, "तुझी फी भरताना मी तुला विचारलं होतं का? मग तूही मला विचारू नकोस." याचा अर्थ काय ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण थोरल्याने पाकीट परत खिशात घातलं. बाजूला ठेवलेले पैसे होते, ते बरोबर त्या शुल्काच्या घशात गेले असते. ते मोडायला हे तयार नव्हते. भिंगरीला यातलं काही सांगायचं नाही, असं मला बजावलं.

मी छेडलं तर म्हणाले, "जुना डोळा राहू दे. त्यात तू अजून तरुण आहेस. जरा धुरकट आहेस, एवढंच."

कोणाला आवडत नाही असं ऐकायला? मलाही आवडलं. दोन दिवस मी त्या बोलण्यावर खूश होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत डोकावले. हे पत्र्याच्या तुकड्यावर हात बसवत होते. ब्रश डब्यात बुडवायला गेले तर डब्याच्या बाहेर, टेबलावर. मग पत्र्यावर रेघ ओढली, पण ब्रश पत्र्याच्या बोटभर अलीकडेच थांबला. हवेत रेघ ओढत होते. दुसऱ्यांदा अंदाज करून पुढे सरकवला तर ब्रश पत्र्यावर आपटून त्याचे केस फिसकटले. एक डोळा इकडे बोलावतोय, एक तिकडे. मग रंग बघायला एक डोळा झाकला, मान हलवली. दुसरा झाकला, पुन्हा मान हलवली.

मी दाराआड उभीच. त्यांनी सगळे ब्रश साबणाने धुतले, पुसले, जुन्या कापडात गुंडाळले आणि वरच्या कपाटात ठेवले.

एवढा संसार झाला आमचा, पण या घरात ब्रश कधी कपाटात गेला नव्हता. लग्नाच्या दिवशीसुद्धा गेला नव्हता. पेल्यात उभे असायचे, स्वयंपाकघरातल्या चमच्यांसारखे. ते कपाट बंद झालं. म्हणे तरुण बायको बघायची आहे! मला बनवायला निघाले होते. मला!

भिंगरीला मी सगळं सांगितलं. बजावलेलं मी पाळते, पण माणूस बघून. ती म्हणाली, "मशीनचे पैसे घालायचे डोळ्यात. मी हातपंपाने हवा भरेन."

"ते ऐकायचे नाहीत."

"मग मीही ऐकत नाही. आजोबांची पाटी नसेल तर दुकान बिनपाटीचं उघडेन. लोक विचारतील तेव्हा आजोबांना दाखवेन."

"एवढा हट्ट कोणाचा घेतलाय कोण जाणे," मी म्हटलं. सून भांडी पुसत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भांडी पुसायला लागली.

रात्रभर माझ्या डोक्यात त्या पोरीचं बोलणं. खोली, खुर्ची, चादर, दिवे. आणि सकाळी लख्ख कळलं. अरे, हा तर आपलाच धंदा! पत्रा तुमचा असेल तर तेवढे कमी!

घडीची खुर्ची काढली. उशी घेतली, नवा अभ्रा घातला. चादर उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवली. थोरल्याचा अभ्यासाचा दिवा, लांब वायरचा. घरातल्या चपला, पाण्याची बाटली, थर्मासमध्ये चहा. सून म्हणाली, "आई, लोक हसतील."

"हसू देत. हसायला अजून शुल्क नाही."

यांना सांगितलं, पहिला डोळा पुन्हा तपासायला बोलावलंय. भिंगरीने खुर्ची सायकलला बांधली, सुनेने उशी-चादर घेतली, दिवा माझ्या काखेत. हे पुढे चालत होते, मागे वळून बघायचे आणि विचारायचे, "आपण तपासणीला चाललोय की घर बदलतोय?"

दवाखान्यात गर्दी होती. मी काउंटरसमोर खुर्ची उघडली, तिच्यावर उशी ठेवली, उशीवर चादर, आणि दिवा काउंटरवर.

पोरगी उभीच राहिली. "हे काय, आजी?"

"खुर्ची आमची, उशी आमची. चादर आमची, उकळून आणली आहे, वास घेऊन बघ. दिवा आमचा. वीज तुमची जाईल, तिचं काय ते लाव. खोली लागेल, पण अर्ध्या तासाची. आता भाव सांग."

बाकावर एक म्हातारे डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "बाई, चादर दोघांत चालेल का हो?"

सगळी बाकं हसली. पोरगीही हसली, तोंडावर हात ठेवून. मग हसू आवरून माझ्याकडे वाकली.

"आजी, ते वस्तूंचं नसतं. या आजोबांनी उभ्याउभ्या ऑपरेशन करून घेतलं तरी ते पडतं. ही जागा हॉस्पिटलची आहे ना, त्याचं आहे ते."

"म्हणजे दार ओलांडल्याचं?"

"तसंच समजा."

"मग दाराबाहेर करा. खुर्ची आणलीच आहे."

"अगं, पुरे," हे म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "चल घरी. मी म्हटलं ना, भागतं."

"काही भागत नाही!" माझा आवाज चढला. "हवेत रेघा ओढता तुम्ही. मी बघितलंय. ब्रश कपाटात गेलेत, तेही बघितलंय."

आता कोणी हसेना. यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंगरीकडे. भिंगरी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, एका जागी. तिला अशी उभी मी पहिल्यांदा बघितली.

तेवढ्यात आतून डॉक्टर आले. एक नजर खुर्चीवर, एक माझ्यावर. "वहिनी, आत या. पेंटर, तुम्हीही. खुर्ची राहू दे."

"खुर्ची माझ्याबरोबर येईल," मी म्हटलं. या जागेचा काय भरवसा? ठेवली तर हॉस्पिटलची व्हायची.

आत दार लावून घेतलं. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण डॉक्टरांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि म्हणाले, "वहिनी, माझ्या हातात असतं तर मी फीसुद्धा घेतली नसती. पण मी आता इथे नोकर आहे. मशिनं महाग झाली, मी म्हातारा झालो, म्हटलं विकून टाकू. आता माझ्याच खुर्चीवर बसायला मला सकाळी हजेरी लावावी लागते."

या माणसाने दवाखाना स्वतः उभा केला, आणि आता आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. एका अर्थी आम्ही बरे. आमचा ब्रश अजून आमचा आहे.

"तुमची शिडी गेली हो डॉक्टर," मी म्हटलं.

त्यांना रीत ठाऊक होती. हसले. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आहे. घड्याळवाल्याच्या दुकानावर तिचा स्वतःचा लहानसा दवाखाना आहे. हात माझ्यापेक्षा हलका. तिथे हे शुल्क नाही, कारण तिथे हॉस्पिटल नाही. माझा डोळा असता तर मी तिच्याकडेच गेलो असतो. पण हे मी सांगितलं असं…"

"मला कमी ऐकू येतं," मी म्हटलं.

उठताना त्यांनी कपाटामागे हात घातला आणि एक पत्रा ओढून काढला. यांनी रंगवलेली ती जुनी पाटी. "भंगारात टाका म्हणाले होते. माझ्याच्याने होईना. घरी नेली तर बायको ओरडेल. पेंटर, तुम्हीच न्या."

यांनी पाटी मांडीवर घेतली. अक्षरांवरून बोटं फिरवली. मग जुना डोळा झाकून नव्याने बघितलं, खूप वेळ.

"हा पांढरा बघितलास?" मला म्हणाले. "इतकी वर्षं झाली. हा खरा पांढरा."

बाहेर आल्यावर भिंगरीला म्हणाले, "घड्याळवाला कुठेशी बसतो?"

जिना अरुंद आणि उभा. वर दोन खुर्च्या होत्या आणि भिंगरी सोडली तर बसणारी माणसं तीन, म्हणून आमची खुर्ची तिथे कामाला आली. डॉक्टरीणबाई लहानखुरी, भिंगरीपेक्षा थोडी मोठी असेल. मी आधीच विचारून घेतलं.

"खोलीचे वेगळे?"

"नाही."

"खुर्चीचे, चादरीचे?"

"नाही."

"जिन्याचे?"

"जिना चढलात म्हणून मीच तुम्हाला काहीतरी द्यायला हवं," ती म्हणाली. "लिहून देऊ?"

"लिहून नको. तोंडाने सांग. कागदाशी मला भांडता येत नाही."

तिने तोंडाने सांगितलं आणि तोंड पाळलं. मशीनचे पैसे होते तिथेच राहिले.

पट्टी काढायच्या दिवशी मी समोरच बसले, केस विंचरून. उगाच नव्हे, पंखा होता. डॉक्टरीणबाईने पट्टी काढली, थेंब घातले, पुसले. यांनी डोळे उघडले. भिंत बघितली, खिडकी बघितली, बाईंचा पांढरा कोट बघून मान डोलावली. मग माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले. आता झाकायला जुना डोळा नव्हता.

"बोला," मी म्हटलं. "बायको की सासू?"

जरा विचार केला त्यांनी.

"सासूबाई देखण्याच होत्या," म्हणाले.

डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायला लागली. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले, ते अजून सापडलेलं नाही.

भिंगरीची पाटी डॉक्टरांच्या पाटीच्या मागच्या बाजूवर झाली. पत्रा चांगला जाड, आजकाल असा मिळत नाही. भिंतीकडे तोंड करून जुन्या पाटीवरचे डॉक्टर अजून सकाळ-संध्याकाळ वेळ देतात, आणि रस्त्याकडे सायकल आहे, चाकातल्या सगळ्या तारांसकट. ब्रश पेल्यात परत आलेत. हात पूर्वीपेक्षा हळू चालतो, पण जिथे ठेवायचा तिथेच पडतो.

शेवटचा हात राहिला होता, अक्षरांच्या पांढऱ्याचा. मी खाली शिडी धरून उभी. भिंगरी आत मशीनची नळी जोडत होती. हे वरून म्हणाले, "अगं, जरा वर बघ. हा पांढरा पांढराच आहे ना?"

उभ्या जन्मात या माणसाने मला रंग विचारला नव्हता.

मी शिडी सोडून चार पावलं मागे गेले, उन्हाला हात आडवा धरला आणि नीट बघितलं. घाई केली नाही. मी सांगेपर्यंत हे ब्रश तसाच धरून थांबले होते.

"पांढराच आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"माझे डोळे तपासायची गरज नाही."

हे हसले. शिडी हलली तशी मी धावत जाऊन धरली. ब्रश हलला नव्हता.